अमेरिकेंतील स्पॅनिशभाषी मुलांचें कथावाङ्मय

शाळेंत जाणाऱ्या मुलाला पुस्तक दोन गोष्टी देतें. एक म्हणजे त्यानें कधीं न पाहिलेलें जग. आणि दुसरी म्हणजे तें रोज पाहत असलेलें, परंतु कोणीं लिहून ठेवावें इतक्या योग्यतेचें आहे असें त्याला कधीं वाटलें नव्हतें, असें त्याचें स्वतःचें जग. पहिल्या गोष्टीची महती सर्वांस पटते. दुसरीची किंमत कळते ती बहुधा ती मिळेनाशी होते तेव्हांच. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत ज्यांच्या घरीं स्पॅनिश भाषा बोलली जाते, त्या मुलांच्या वांट्यास ही उणीव कित्येक पिढ्या आली. ती कोणीं ओळखली आणि कोणाच्या खटपटीनें ती कांहीं अंशीं भरून निघाली, हा इतिहास मनोरंजक तर आहेच; पण ज्यांच्या घरांत शिकणारीं मुलें आहेत त्या सर्वांस तो विचार करावयास लावणाराही आहे.

प्रथम हे लोक कोण, हें पाहिलें पाहिजे. अमेरिकेंत त्यांना ‘लॅटिनो’ असें म्हणतात. हे सगळेच अलीकडे येऊन राहिलेले परदेशस्थ आहेत, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाहीं. १८४८ सालीं ग्वादालूपे इदाल्गो येथील तहानें मेक्सिकोनें आपला फार मोठा मुलूख अमेरिकेस दिला. कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको इत्यादि प्रांतांतील हजारों कुटुंबें आपापल्या घरींच राहिलीं; सरहद्द मात्र त्यांच्या डोक्यावरून पलीकडे गेली. पुढें १८९८ सालीं स्पेनशीं झालेल्या युद्धांत पोर्तो रिको हें बेट अमेरिकेच्या ताब्यांत आलें, आणि १९१७ सालीं तेथील लोकांस अमेरिकेचें नागरिकत्व मिळालें. यांखेरीज शेतमजुरीसाठीं आलेले मेक्सिकन, १९५९ च्या क्रांतीनंतर देश सोडून आलेले क्यूबन, डोमिनिकन आणि मध्य अमेरिकेंतील लोक अशी मोठी भर पडत गेली. देश निरनिराळे, वर्ण निरनिराळे, पण पाळण्यांतली भाषा बहुतेकांची एक, असा हा समाज आहे.

या समाजाचीं मुलें शाळेंत गेलीं म्हणजे त्यांच्या कानीं पहिली गोष्ट पडे ती ही कीं, घरची भाषा उंबऱ्याबाहेर ठेवावी. टेक्सासांतील शाळांतून खेळाच्या पटांगणावर स्पॅनिश शब्द बोलल्याबद्दल मुलांना छड्या बसत. कॅलिफोर्नियांत कित्येक गांवीं मेक्सिकन मुलांसाठीं वेगळ्या शाळा होत्या, आणि त्या अर्थातच उण्या दर्जाच्या होत्या. मेंडेझ नांवाच्या एका कुटुंबानें इतर पालकांसह याविरुद्ध फिर्याद केली. १९४६ सालीं न्यायालयानें निकाल त्यांच्या बाजूनें दिला व १९४७ सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो कायम केला. कृष्णवर्णी मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविणारा १९५४ चा प्रसिद्ध निकाल यानंतर सात वर्षांनीं आला, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. शाळेचें दार याप्रमाणें न्यायालयानें उघडलें. पण शाळेंतील पुस्तकांचीं पानें उघडण्याचें काम न्यायालयाच्या हातचें नव्हतें. तें निराळ्याच माणसांनीं केलें.

त्यांतील पहिलें नांव क्यूबाचा कवि आणि स्वातंत्र्यवीर होसे मार्ती याचें घेतलें पाहिजे. देशाबाहेर काढलेला हा पुरुष न्यूयॉर्क शहरीं राहत असतां १८८९ सालच्या जुलैमध्यें त्यानें ‘ला एदाद दे ओरो’, म्हणजे ‘सुवर्णयुग’, या नांवाचें मुलांचें मासिक काढलें. गोष्टी, कविता, थोर पुरुषांचीं चरित्रें, यंत्रांची माहिती असें सर्व कांहीं तो त्यांत स्वतःच लिही. मासिकाचे चारच अंक निघाले. ऑक्टोबरनंतर तें बंद पडलें, कारण धार्मिक शिकवणुकीच्या बाबतींत प्रकाशकाचें आणि त्याचें जमलें नाहीं. चार अंकांचें आयुष्य तें काय! पण ते चार अंक पुढें पुस्तकरूपानें निघाले आणि स्पॅनिश जगांत पिढ्यान्पिढ्या वाचले गेले. त्यांचा वाचक मुख्यतः दक्षिणेकडील देशांतील मुलगा होता. न्यूयॉर्कच्याच गल्लींत राहून इंग्रजी शाळेंत जाणाऱ्या मुलासाठीं लिहिणारें मात्र अजून कोणी नव्हतें.

तें काम करणारी व्यक्ति तीस वर्षांनीं आली. पोर्तो रिकोंतील सीद्रा गांवच्या पुरा बेलप्रे बाई १९२० च्या सुमारास बहिणीच्या लग्नासाठीं म्हणून न्यूयॉर्कला आल्या आणि तेथेंच राहिल्या. कांहीं काळ त्यांनीं कपडे शिवण्याच्या कारखान्यांत काम केलें. १९२१ सालीं शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाची हार्लेम भागांतील १३५ व्या रस्त्यावरची शाखा स्पॅनिश जाणणारी मदतनीस शोधीत होती. ती जागा त्यांना मिळाली. त्या ग्रंथालयांत नोकरीस लागलेल्या त्या पहिल्या पोर्तो रिकन होत. कपाटांत जगांतील नाना देशांच्या लोककथा ओळीनें मांडलेल्या होत्या. पण आजीच्या तोंडून ऐकलेली आपल्या बेटाची एकही कथा त्यांत नाहीं, हें बाईंच्या लवकरच ध्यानांत आलें. हळहळ करून त्या थांबल्या नाहींत. ग्रंथपालाचें शिक्षण घेत असतांना कथाकथनाच्या वर्गासाठीं त्यांनीं त्यांतलीच एक कथा लिहून काढली.

ती कथा पेरेझ उंदीर आणि मार्तिना झुरळीण यांची. अंगण झाडतांना मार्तिनेला एक नाणें सांपडतें. त्याची ती पावडर विकत घेते, नटूनथटून बसते आणि मागणी घालावयास येणाऱ्या प्रत्येकाला, तूं माझ्याशीं कसा बोलशील, असें विचारते. मांजर, कोंबडा, बेडूक अशा सगळ्यांचा आवाज तिला नापसंत पडतो. आवडतो तो पेरेझ उंदराचा. दोघांचें लग्न होतें. पण नाताळचें पक्वान्न शिजत असतां तें चाखण्याच्या मोहानें पेरेझ कढईंत पडून मरतो आणि मार्तिना त्याच्यासाठीं शोक करीत राहते. मुलांच्या गोष्टीचा शेवट गोडच असला पाहिजे, हा नियम लोककथेनें कधींच मानला नाहीं. १९३२ सालीं ही कथा इंग्रजींत पुस्तकरूपानें निघाली आणि पोर्तो रिकोच्या लोककथेला अमेरिकेंतील मुलांच्या कपाटांत जागा मिळाली. १९४६ सालीं ‘वाघ आणि ससा’ हा बाईंचा कथासंग्रह निघाला.

पण बाईंचें खरें कार्य छापील पानापेक्षांही मोठें होतें. १९२९ सालीं त्यांची बदली ११५ व्या रस्त्यावरील शाखेंत झाली. तो भाग पोर्तो रिकन वस्तीनें भरूं लागला होता. तेथें त्यांनीं दोन्ही भाषांतून कथाकथन सुरू केलें, बाहुल्यांचे खेळ केले, आणि ६ जानेवारीस येणारा तीन राजांचा सण ग्रंथालयांत साजरा करण्याचा परिपाठ पाडला. इंग्रजी न येणाऱ्या आयांना ग्रंथालय ही परक्यांची वास्तु वाटे. मुलांच्या बोटाला धरून त्याही आंत येऊं लागल्या. मुलाला घरची भाषा टाकावयास लावून शिकविण्यापेक्षां तिच्याच पुलावरून त्याला पुस्तकापर्यंत आणतां येतें, ही गोष्ट शिक्षणखात्याच्या कोणत्याही परिपत्रकाच्या आधीं एका ग्रंथपाल बाईनें प्रत्यक्ष करून दाखविली.

त्या काळांत लॅटिनो मुलांविषयीं इंग्रजींत दुसरें कांहींच लिहिलें जात नव्हतें, असें नाहीं. पण तें बहुतेक बाहेरून पाहणाऱ्यांनीं लिहिलेलें होतें. मोठ्या टोपीखालीं डुलकी घेणारा मेक्सिकन, त्याचें गाढव आणि निवडुंग एवढ्यावर पुष्कळांचें काम भागे. यालाही अपवाद होते. लिओ पोलिती या चित्रकारानें कॅलिफोर्नियांतील जुन्या स्पॅनिश वस्तीचीं चित्रें प्रेमानें काढलीं. त्याच्या ‘पाकोळ्यांचें गाणें’ या पुस्तकास १९५० सालीं उत्कृष्ट चित्रांबद्दल कॅल्डेकॉट पदक मिळालें. जोसेफ क्रमगोल्ड यानें न्यू मेक्सिकोंतील मेंढपाळ कुटुंबांतल्या बारा वर्षांच्या मिगेल या मुलावर कादंबरी लिहिली. तिला १९५४ सालीं बालवाङ्मयाचें थोर मानलेलें न्यूबेरी पदक मिळालें. मोठ्या माणसांबरोबर मेंढरें घेऊन डोंगरावर जाण्याची मिगेलची ओढ या लेखकानें मनापासून रंगविली आहे. सहानुभूति असेल तर बाहेरचा माणूसही चांगलें लिहूं शकतो, हें त्यावरून सिद्ध होतें. परंतु ज्याच्याविषयीं लिहिलें जातें त्याला स्वतः बोलण्याची पाळीच येऊं नये, हा न्याय नव्हे.

ही स्थिति आंकड्यांनीं उघडकीस आणण्याचें श्रेय नॅन्सी लॅरिक या शिक्षणतज्ज्ञ बाईंकडे जातें. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत ६३ प्रकाशकांनीं काढलेलीं मुलांचीं ५,२०६ पुस्तकें त्यांनीं हिशेबांत घेतलीं. त्यांपैकीं एखादें तरी कृष्णवर्णी पात्र असलेलीं पुस्तकें अवघीं ३४९ निघालीं. म्हणजे शेंकडा सात देखील नव्हेत. १९६५ सालीं हा लेख प्रसिद्ध होतांच प्रकाशनव्यवसायांत खळबळ उडाली. मोजणी कृष्णवर्णीयांपुरती होती, तरी प्रश्न सर्वच उपेक्षितांचा होता. त्याच वर्षीं मुलांच्या पुस्तकांतील वंशभेद दूर व्हावा म्हणून एक परिषद स्थापन झाली. १९६८ सालीं अमेरिकन विधिमंडळानें द्वैभाषिक शिक्षणाचा कायदा केला. ज्या भाषेसाठीं छड्या बसत, तिच्यासाठीं आतां सरकारी पैसा मंजूर झाला. नोकरी सोडून गेलेल्या बेलप्रे बाईही या दशकांत पुन्हां ग्रंथालयाच्या कामांत आल्या आणि ब्राँक्स भागांतील मुलांसाठीं बाहुल्यांचे खेळ करूं लागल्या.

आतां ग्रंथालयांत गोष्टी ऐकून मोठी झालेली पिढी लिहिण्याच्या वयास आली होती. न्यूयॉर्कच्या पोर्तो रिकन वस्तींत १९३८ सालीं जन्मलेल्या निकोलासा मोर या मूळच्या चित्रकार. त्यांची ‘निल्डा’ ही कादंबरी १९७३ सालीं प्रसिद्ध झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत त्याच वस्तींत वाढणाऱ्या एका मुलीची ही कथा आहे. शाळेंत स्पॅनिश बोलल्याबद्दल होणारी शिक्षा आणि मदत मागावयास गेलेल्या आईची कचेरींत होणारी मानहानि मुलगी पाहते आणि मनांत साठविते. पोर्तो रिकन लेखक म्हटला कीं खून, अफू-गर्द आणि तुरुंग यांच्या भडक हकीगती हव्यात, अशी प्रकाशकांची अपेक्षा होती, असें मोर बाईंनीं पुढें सांगितलें आहे. त्यांनीं लिहिलें तें साध्या घराविषयीं. गरिबाच्या घरांतही गुन्ह्याखेरीज दुसरें कांहीं घडतें, हें सांगण्यासाठीं सुद्धां त्या काळीं धैर्य लागत होतें.

मोठे प्रकाशक कचरत होते तेव्हां लहानांनीं काम उचललें. १९७९ सालीं निकोलास कानेयोस यांनीं ‘आर्ते पुब्लिको’ ही प्रकाशनसंस्था स्थापिली. ह्यूस्टन शहर हें तिचें स्थान. याच संस्थेनें १९८४ सालीं सांद्रा सिस्नेरोस यांचें ‘मँगो रस्त्यावरचें घर’ हें पुस्तक काढलें. शिकागोच्या गरीब वस्तींतील एस्पेरांसा नांवाच्या मुलीच्या लहान लहान प्रकरणांचें हें पुस्तक अमेरिकेंतील असंख्य शाळांत पोंचलें. १९९० सालीं गॅरी सोटो यांनीं कॅलिफोर्नियांतील फ्रेस्नोच्या मुलांच्या गोष्टी लिहिल्या. या मुलांचीं दुःखें बेसबॉलच्या संघांत निवड न होणें किंवा जवळ गिटार नसणें, अशीं असतात. जगांतील कोणत्याही मुलाचीं दुःखें अशींच असतात, आणि त्यांतच या गोष्टींचें मर्म आहे.

परंतु शिक्षकवर्गानें आवर्जून वाचावें असें पुस्तक म्हणजे फ्रान्सिस्को हिमेनेझ यांचें १९९७ सालीं निघालेलें ‘फेरा’ हें होय. लेखक मेक्सिकोंत जन्मले, लहानपणीं आईबापांबरोबर चोरून सरहद्द ओलांडून आले, आणि पुढें कॅलिफोर्नियांतच विद्यापीठांत प्राध्यापक झाले. स्ट्रॉबेरी, मग द्राक्षें, मग कापूस, असा पिकांच्या मागोमाग कुटुंबाचा फेरा चाले. आणि प्रत्येक पिकाबरोबर मुलाची शाळा बदले. द्राक्षांचा हंगाम संपल्यावर नोव्हेंबरांत हा मुलगा सहावीच्या वर्गांत दाखल होतो. मास्तर मधल्या सुटींत त्याला इंग्रजी वाचावयास शिकवितात. एके दिवशीं ते त्याला तुतारी वाजविण्यास शिकविण्याचें कबूल करतात. आनंदानें मुलगा घरीं धांवत येतो, तों दारांत दिसतात बांधून ठेवलेलीं पुठ्ठ्याचीं खोकीं! दुसऱ्या गांवीं जाण्याची तयारी झालेली असते. पुस्तकाच्या अखेरीस तर याहून कठीण प्रसंग आहे. सर्व माणसें जन्मतः समान आहेत असें सांगणाऱ्या अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यांतील उतारा हा मुलगा वर्गांत म्हणून दाखविण्यासाठीं पाठ करतो. आणि त्याच दिवशीं परदेशप्रवेश खात्याचा अंमलदार वर्गांत येऊन त्याला घेऊन जातो. लेखक येथें कोणास दोष देत नाहीं, टाहोही फोडीत नाहीं. उतारा आणि अंमलदार एकाच खोलींत आणून उभे करतो, आणि वाचकास विचार करावयास सोडून देतो.

बेलप्रे बाई १९८२ सालीं वारल्या. १९९६ सालीं अमेरिकन ग्रंथालय संघाच्या बालविभागानें आणि लॅटिनो ग्रंथपालांच्या ‘रिफॉर्मा’ संस्थेनें त्यांच्या नांवें पदक सुरू केलें. कथालेखनाचें पहिलें पदक जूडिथ ऑर्तिझ कोफर यांच्या कथासंग्रहास मिळालें. आरंभीं हें पदक दोन वर्षांनीं एकदां देत. २००९ पासून तें दरवर्षीं देण्यांत येतें. दरवर्षीं देण्याइतकीं पुस्तकें निघूं लागलीं, हीच त्या बाईंच्या कार्याची पावती होय. २००० सालीं पाम मुन्योझ रायन यांची एका जमीनदाराच्या मुलीची कादंबरी निघाली. १९३० च्या मंदीच्या काळांत मेक्सिकोंतील वैभव गमावून कॅलिफोर्नियांतील मजुरांच्या छावणींत येणाऱ्या या मुलीची हकीगत लेखिकेनें स्वतःच्या आजीच्या आयुष्यावरून घेतली आहे.

ही वाट सरळ मात्र गेली नाहीं. १९७१ सालीं न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागांतील शाळामंडळानें पिरी थॉमस यांचें हार्लेमच्या जीवनावरील आत्मचरित्र शाळांच्या ग्रंथालयांतून काढून टाकण्याचा ठराव केला, आणि न्यायालयानें मंडळास उचलून धरलें. ॲरिझोना संस्थानांतील ट्यूसन येथें शाळांतून मेक्सिकन-अमेरिकन इतिहास व वाङ्मय शिकविण्याचा एक अभ्यासक्रम होता. सिस्नेरोस बाईंचें पुस्तकही त्यांत असे. संस्थानानें केलेल्या कायद्यामुळें जानेवारी २०१२ मध्यें तो बंद झाला आणि सात पुस्तकें वर्गांतून उचलून नेण्यांत आलीं. विद्यार्थी न्यायालयांत गेले. २०१७ सालीं न्यायाधीशांनीं ही बंदी वंशद्वेषांतून घातली गेली असा स्पष्ट निर्णय दिला. पुस्तक परत आलें, पण मधल्या पांच वर्षांत जीं मुलें शाळा सोडून गेलीं त्यांचें काय, याचें उत्तर निकालपत्रांत नसतें.

आंकड्यांची गोष्टही अजून संपलेली नाहीं. विस्कॉन्सिन विद्यापीठांतील बालवाङ्मय केंद्र १९८५ पासून अशी मोजणी करीत आलें आहे, आणि १९९४ पासून लॅटिनो पुस्तकांचीही मोजणी होते. २०१३ सालीं आलेल्या सुमारें ३,२०० पुस्तकांत कृष्णवर्णीयांविषयींचीं केवळ ९३ निघालीं. लॅटिनोंविषयींचीं तर त्याहूनही कमी होतीं. त्यावरून २०१४ सालीं पुन्हां मोठी चळवळ उभी राहिली. न्यूबेरी पदक १९२२ पासून दिलें जातें. १९२८ सालीं तें बंगालच्या धनगोपाळ मुकर्जी यांना एका कबुतराच्या कथेबद्दल मिळालें होतें, ही गोष्ट हिंदी वाचकांस अभिमानाची वाटेल. देशांतल्याच लॅटिनो लेखकास मात्र तें मिळावयास २०१६ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं तें मॅट दे ला पेन्या यांना मिळालें. २०१९ सालीं मेग मेदिना यांच्या ‘मर्सी स्वारेझ’ या मुलीच्या कादंबरीला तें मिळालें. सहावींत शिकणारी ही क्यूबन घराण्यांतील मुलगी लाडक्या आजोबांची स्मृति हळूहळू लोपत असलेली पाहते. तें दुःख समजण्यास वाचक क्यूबन असण्याची गरज नाहीं.

अमेरिकेंत सहावी ते आठवी या इयत्तांच्या शाळेस मध्यम शाळा म्हणतात. तेथील मुलें साधारण ११ ते १४ वर्षांचीं असतात. याच वयांत मुलाला घराची लाज वाटूं लागते. आईचें बोलणें, डब्यांतलें खाणें, आजीचा पोषाख हें सर्व सोबत्यांच्या डोळ्यांनीं पाहण्याची संवय लागते. अशा वेळीं तीच आजी आणि तेंच खाणें मास्तरांच्या हातांतल्या पुस्तकांत दिसलें, तर मुलाची मान सरळ होते. रूडिन सिम्स बिशप या विदुषींनीं १९९० सालीं पुस्तकाला आरसा आणि खिडकी या दोहोंची उपमा दिली, ती याचसाठीं. एका मुलाचा आरसा ती दुसऱ्या मुलाची खिडकी असते. आणि ज्या मुलाला जन्मभर आरसेच मिळाले, त्यालाही खिडकीची तितकीच गरज असते. लॅटिनो लेखकांनीं स्पॅनिश शब्द भाषांतर न करतां इंग्रजींत तसेच ठेवले, यालाही हेंच कारण आहे. घरच्या मुलाला ते ओळखीचे वाटतात, आणि परक्या मुलाला क्षणभर तरी तो अनुभव येतो, जो आपल्या स्पॅनिशभाषी सोबत्यास वर्गांत रोज येत असतो.

२०२२ सालचें न्यूबेरी आणि त्याच वर्षीं बेलप्रे पदकही मिळविणारी डॉना बार्बा इगेरा यांची कादंबरी भविष्यकाळांतील आहे. धूमकेतु पृथ्वीवर आदळणार म्हणून २०६१ सालीं कांहीं माणसें अंतराळयानांतून दूरच्या ग्रहाकडे निघतात. वाटेंत सर्वांची स्मृति पुसली जाते. एका मुलीची तेवढी शिल्लक राहते, आणि तिच्याजवळ असतात आजीनें सांगितलेल्या गोष्टी. त्या गोष्टी ती इतर मुलांना सांगूं लागते. १९२१ सालीं हार्लेममधल्या कपाटापुढें उभ्या राहिलेल्या त्या तरुण मदतनीस बाईपाशीं तरी याहून निराळें भांडवल कोठें होतें?